किती उजेड पाडाल?

'काय उजेड पाडलास?' हा प्रश्न आमच्या घरात माझ्या दहावीच्या निकालापासून विचारला जातो. पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, बोहल्यावर चढलो, तरी प्रश्न काही हटला नाही. फक्त विचारणारी माणसे बदलली. पूर्वी वडील विचारीत, आता सौ. विचारते. गेल्या वर्षी गणपतीत मात्र मी खरोखरीच उजेड पाडला. खोक्यावर छापले होते त्यावर विश्वास ठेवायचा तर एक लाख लुमेनचा. त्या उजेडात माझे सख्खे मामा पाखाडीवरून पडले आणि त्यांचे उजवे मनगट मोडले.

यावरून हा लेख म्हणजे कबुलीजबाब आहे असे कोणी समजेल. नाही. ही फिर्याद आहे. आरोपींच्या यादीत माझे नाव आहेच, पण मी एकटा नाही. लुमेनचा आकडा पाहून बॅटरी विकत घेणारा प्रत्येक इसम माझा सहआरोपी आहे, आणि तो आकडा छापणारा तर मुख्य आरोपी आहे.

आधी शब्दाचे बघू. शाळेच्या पुस्तकात या वस्तूला विजेरी म्हणत, दुकानदार टॉर्च म्हणे आणि घरोघरी तिला बॅटरी म्हणत. बॅटरीत घालतात ते सेल. 'अहो, जरा ती विजेरी देता का?' असे विचारणारा मनुष्य मला आजपर्यंत भेटलेला नाही. भेटला तर त्याला मी आधी खुर्ची देईन, पाणी देईन आणि मग विजेरी देईन.

आमच्या लहानपणी घरात एकच बॅटरी असे. दोन मोठ्या सेलची, चकचकीत पत्र्याची. तिची जागा खुंटीवर आणि तिचा ताबा वडिलांकडे. आम्ही मुले संधी साधून ती तळहाताखाली पेटवायचो आणि लालभडक झालेली बोटे एकमेकांना दाखवायचो. तेवढ्यात आतून आवाज येई, 'सेल संपतील!' सेल संपले की ते उन्हात ठेवून आणखी दोन दिवस ओढले जात. त्या बॅटरीच्या दिव्यातून दहा-पंधरा लुमेन निघत असतील. म्हणजे ऐवज एका मेणबत्तीचा, कारण मेणबत्तीही साधारण बारा लुमेनच देते. पण मेणबत्ती आपला उजेड चारी दिशांना उधळते आणि बॅटरीतली ती चकचकीत वाटी तोच उजेड गोळा करून एका दिशेला पाठवते. एवढ्या भांडवलावर आमच्या अख्ख्या खानदानाने अमावास्या काढल्या, विहिरीत पडलेले पोहरे शोधले, माळ्यावरचे उंदीर पाहिले आणि रात्री-अपरात्री बाळंतिणीसाठी डॉक्टर आणले.

मग आले एल.ई.डी. निळ्या एल.ई.डी.च्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि ते योग्यच झाले. त्या निळ्यामुळेच पांढरा एल.ई.डी. शक्य झाला. पण नोबेल समितीला आमचा मेहुणा ठाऊक नव्हता.

मेहुणा हा आकड्यांचा भक्त आहे. पूर्वी त्याने एक टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर 'पी.एम.पी.ओ.' अशी चार अक्षरे आणि पुढे हजारांत वॅट लिहिले होते. भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चालणारे ते खोके खरोखर तेवढे वॅट खाऊ लागले असते तर चाळीचा फ्यूज उडाला असता. पुढे तो मोबाईलचे मेगापिक्सेल मोजू लागला. आता लुमेन.

"दाजी, कोकणात निघालात, बॅटरी आहे का?"

"मोबाईलमध्ये आहे की."

"मोबाईल!" तो असा हसला की मी खिशात काडेपेटी घेऊन हिंडतो आहे असे मला वाटले. "दाजी, लाख लुमेनची मिळते आता. एक किलोमीटर जाते. बिबट्या आला तर आंधळा होईल!"

कोकणात बिबट्याला आंधळे करण्याचे मला काही कारण नव्हते. पण माणसाचे मन विचित्र असते. एकदा 'लाख' हा शब्द कानी पडला की बँकेतला कारकूनसुद्धा आपले हिशेबाचे शिक्षण विसरतो. मी बॅटरी मागवली. सातशे रुपये. म्हणजे रुपयाला एकशे बेचाळीस लुमेन! इतका चांगला भाव मला आयुष्यात कशालाच मिळाला नव्हता. तिथेच मला संशय यायला हवा होता.

जो हिशेब मी खरेदीच्या आधी करायला हवा होता, तो मामांच्या प्लास्टरनंतर केला. वाचकांनी आधीच करावा म्हणून इथे मांडतो.

चांगल्या एल.ई.डी.ला शंभर लुमेन उजेड पाडायला ढोबळमानाने एक वॅट वीज लागते. म्हणजे लाख लुमेनला हजार वॅट. हजार वॅट म्हणजे आपली कपड्यांची इस्त्री. आता तुमच्या मुठीतली वस्तू एका इस्त्रीएवढी वीज खाते आहे अशी कल्पना करा. त्या विजेतला मोठा भाग उजेड न होता उष्णताच होतो. मग हातात बॅटरी धरायची की चिमटा?

ही झाली खर्चाची बाजू. आता जमा पाहू. या बॅटऱ्यांत जो सेल असतो त्याला म्हणतात १८६५०. हा काही रेल्वेगाडीचा नंबर नाही. १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचे शून्य गोल आकाराचे. चांगल्या १८६५० मध्ये साडेतीन हजार मिलिअँपिअर-तास मावतात. माझ्या सेलवर छापले होते नऊ हजार नऊशे. ज्या पिशवीत साडेतीन किलो तांदूळ मावतात तिच्यावर दहा किलो लिहून ती विकण्याचाच हा प्रकार. पण सेल प्रामाणिक आहे असे धरले तरी ३.६ व्होल्टने गुणून त्यात साडेबारा वॅट-तास शिल्लक. दर तासाला हजार वॅट-तास उचल करणाऱ्या खातेदाराला ही शिल्लक किती पुरेल? पाऊण मिनिट! बरे, तीही एका दमात काढता येत नाही. तेवढ्या वेगाने हा सेल वीज देऊच शकत नाही. आमच्या काउंटरवर असा चेक आला तर आम्ही 'पुरेशी शिल्लक नाही' असा शेरा मारून परत करतो. बॅटरीवाले तोच चेक खोक्यावर छापतात.

तेव्हा फिर्यादीचा पहिला मुद्दा: हा आकडा खोटा आहे. एका सेलच्या बॅटरीतून दोन-चार हजार खरे लुमेन निघाले तर ते उत्तम कारागिरीचे लक्षण समजावे.

"पण चांगल्या कंपनीची घ्या ना!" मेहुणा म्हणेल. म्हणतोच. चांगल्या कंपन्या अमेरिकेतल्या 'एफ.एल.१' नावाच्या मानकाप्रमाणे आकडे देतात. हे मानक २००९ साली निघाले आणि ते चांगले आहे. पण त्यातही बारीक अक्षरे आहेत, आणि बारीक अक्षरे वाचण्याचाच मला पगार मिळतो. उजेड मोजायचा तो बॅटरी लावल्यानंतर तीस सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या काळात. पुढे बॅटरी तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी उजेड उतरवते. तीन हजारांचे हजार होतात, कधी त्याहून कमी. खोक्यावर मात्र तीन हजारच. आणि 'इतके तास चालते' हा काळ मोजायचा तो उजेड मूळच्या एकदशांशावर येईपर्यंत. म्हणजे नवरदेव मुलगी पाहायला आला त्या दिवशीचा उत्साह एका रकान्यात, आणि संसार किती वर्षे टिकला ते दुसऱ्या रकान्यात. दोन्ही खरे, पण एकमेकांशी संबंध नाही.

गंमत पाहा. १८९९ साली डेव्हिड मिझेल नावाच्या गृहस्थाला अमेरिकेत हातातल्या बॅटरीचे पेटंट मिळाले. त्या काळचे सेल इतके दुबळे की दिवा सलग चालत नसे. क्षणभर लावायचा, विझवायचा, सेलला विसावा द्यायचा. म्हणून इंग्रजीत तिचे नाव पडले 'फ्लॅशलाइट'. सव्वाशे वर्षे माणसाने घाम गाळून सलग उजेड देणारी बॅटरी बनवली, आणि आता लुमेनच्या हव्यासापायी पुन्हा मिनिटभर चमकून दम टाकणाऱ्या बॅटरीपाशी येऊन तो उभा आहे.

लांब जाणाऱ्या झोताचेही तेच. 'एक किलोमीटर' याचा मानकातला अर्थ असा की, एक किलोमीटरवर जो उजेड पोचतो तो पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, पाव लक्स असतो. चांदण्यात एक किलोमीटरवरचा माणूस ओळखून दाखवा! तिथे उसने पैसे नेलेला मित्र उभा आहे की म्हैस, हे कळणार नाही. शिवाय झोत किती लांब जाईल हे लुमेन ठरवत नाहीत. ते ठरवते एका दिशेची प्रखरता, तिचे माप कँडेला. आणि अंतर दुप्पट करायचे तर प्रखरता चौपट लागते. हे गणित सावकारी व्याजासारखे आहे: आपण एक पाऊल पुढे जातो, ते चार पावले.

आता त्या रात्रीची हकीकत.

आमची एस.टी. दोन तास उशिरा पोचली. रात्रीचे दहा वाजून गेलेले, पाऊस नुकताच थांबलेला, वीज गेलेली. रस्त्यापासून मामांच्या घरापर्यंत जांभ्या दगडाची पाखाडी उतरते. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. गाडीचा आवाज ऐकून ते आम्हाला न्यायला वर चढत होते. खांद्याला छत्री, हातात तीच, आमच्या घरी होती तसली, दोन सेलची जुनी बॅटरी. तिचा पिवळा ठिपका मला खालून एकेक पायरी चढताना दिसत होता.

"कोण? आलात का रे?"

एवढ्यावर 'आलो मामा' म्हणून थांबायचे. पण माझ्या हातात लाख लुमेन होते. ते दाखवायचे कोणाला? बिबट्या आलेला नव्हता. मी बटण दोनदा दाबले आणि झोत सरळ मामांवर टाकला.

मामांनी हात डोळ्यांवर नेला आणि त्यांचा पाय पायरीवरून चुकला. पुढचे सांगवत नाही. चार पायऱ्या. मी धावलो, तोवर माझी बॅटरी तापून मंद झाली, दोनदा लुकलुकली आणि विझली. मामांची बॅटरी गवतात पडली होती. ती चालूच होती. तिच्याच उजेडात आम्ही मामांना उठवले आणि घरी आणले.

"डोळ्यांपुढे नुसते काजवे चमकले रे," मामा म्हणाले. एवढेच. मला एक शिवी दिली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन प्लास्टर घातले. चाळीस वर्षे त्या घरच्या गणपतीची पूजा मामांच्या हातून होत आली होती. त्या वर्षी ती मी केली. मामा शेजारी पाटावर बसून मंत्र सांगत होते आणि मी दूर्वा वाहत होतो. गणपतीकडे वर मान करून बघण्याची मला लाज वाटत होती.

म्हणून फिर्यादीचा दुसरा मुद्दा, आणि हा पहिल्याहून महत्त्वाचा: आकडा खरा निघाला तर तो जास्त वाईट. माझ्या बॅटरीचा उजेड लाखाच्या जवळपासही नव्हता, तरी एका म्हाताऱ्या माणसाला पाडायला पुरला. डोळ्यांना अंधार पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. वय वाढते तशी जास्त. हा सराव मोडायला एक क्षण पुरतो. आणि तो समोरच्याचाच मोडतो असे नाही. पायापुढच्या ओल्या पांढऱ्या दगडावर प्रखर झोत टाकलात की तुमचेही डोळे दिपतात, आणि झोताबाहेरचा अंधार आधी होता त्याहून काळा होतो. मग त्या अंधाराची भीती वाटते, म्हणून आपण आणखी मोठी बॅटरी घेतो.

आमच्या बँकेतली तरुण मंडळी ऐन पावसाळ्यात रात्री कळसूबाई चढायला गेली होती. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. कपाळावर प्रत्येकी एक सूर्य बांधलेला. वर धुके लागले आणि सगळ्यांना समोर फक्त पांढरी भिंत दिसू लागली. धुक्याचे कण उजेड उलटा आपल्याच डोळ्यांत फेकतात. जितका उजेड जास्त तितकी भिंत जाड. शेवटी ज्याच्याकडे साधी बॅटरी होती आणि ती कमरेखाली धरायची अक्कल होती, त्याच्या मागून सगळे सूर्य खाली उतरले. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये काजवे पाहायला जाणाऱ्यांची आणखी तऱ्हा. काजवा चमकतो तो जोडीदाराला बोलावण्यासाठी. त्या बिचाऱ्याच्या पत्रव्यवहारावर आपण हजार लुमेन ओततो आणि मग म्हणतो, यंदा काजवे फार नाहीत हो!

ज्याला प्रखर, लांब झोताची खरी गरज आहे त्याच्याशी माझे भांडण नाही. जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो. तिथल्या ज्या शेतकऱ्याला वीज रात्रीच्या पाळीत मिळते म्हणून रात्रीच पाणी द्यायला जावे लागते, त्याने हवी तेवढी मोठी बॅटरी घ्यावी. त्याला दिवसा वीज मिळाली तर अधिक चांगले, पण तो दुसऱ्या फिर्यादीचा विषय आहे. पुरात, दरीत माणसे शोधणाऱ्यांनी घ्यावी. वनरक्षकाने घ्यावी. पण आपण? आपल्याला जिन्यातला फ्यूज बघायचा असतो. कुलूप उघडायचे असते. आणि गावी गेलो तर पायाखाली बघायचे असते.

हे पायाखाली बघणे क्षुल्लक नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. मण्यार, घोणस, फुरसे हे रात्रीचेच फिरस्ते. फुरसे तर वीतभर-हातभर लांबीचे आणि जांभ्याच्या रंगात मिसळून जाणारे. ते एक किलोमीटरवर नसते. पुढच्या पायरीवर असते. मामा त्याच पाखाडीवर आयुष्यात तीन वेळा फुरशापाशी थबकले आहेत, तिन्ही वेळा त्या पिवळ्या ठिपक्याच्या भरवशावर.

तर बॅटरी कशी निवडावी? सांगतो. मोठ्या आकड्याकडे पाठ करा आणि लहान आकडा विचारा: कमीत कमी किती उजेड देते? पाच-दहा लुमेनची पायरी असली पाहिजे आणि बटण दाबताच आधी तीच लागली पाहिजे. मधली पायरी शंभर-दोनशेची. वर केलेल्या हिशेबाने दोनशे लुमेनला दोन वॅट, म्हणजे तोच एक सेल सहा तास, न तापता. चालायला झोत पसरट हवा, मधे सुई आणि भोवती काळोख असा नको. रंग थोडा पिवळसर असावा. निळसर पांढऱ्या उजेडात वाळकी फांदी आणि साप सारखेच दिसतात. पाण्याचा शेरा पाहा: आय.पी.एक्स.४ म्हणजे शिंतोडे सोसते, आय.पी.एक्स.७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. कोकणात सात घ्या. सेल नामांकित घ्या आणि सुटा सेल किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खिशात ठेवू नका. लिथियमचा सेल रागावला की पेटतो. ओल्या हाताने, डोळे मिटून बटण सापडते का ते दुकानातच पाहा. दुकानदार हसेल. हसू दे.

आणि बॅटरी घेतल्यावर ती खाली धरा. कोणी समोरून आले तर आणखी खाली. रस्त्यावर मोटारवाला डोळ्यांवर दिवे मारतो तेव्हा त्याच्या कुळाचा आपण उद्धार करतोच ना?

मामांचे मनगट आता बरे आहे. थोडे वाकडे जुळले, पण पळी धरता येते. यंदा गणपतीला मी त्यांच्यासाठी नवी बॅटरी नेली. एकशे वीस लुमेनची, तीनशे रुपयांची. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, अंगणात जाऊन तुळशीपाशी लावून पाहिली आणि म्हणाले, "बरी आहे. जरा जास्तच उजेड पडतो." मग त्यांनी ती खुंटीवर टांगली, जुनीच्या शेजारी. रात्री आरतीला शेजारी निघाले तेव्हा हातात जुनीच होती.

माझी लाख लुमेनची बॅटरीही त्यांनी मागून घेतली आहे. वीज गेली की ते ती सर्वांत मंद पायरीवर पडवीत उभी ठेवतात, तोंड छताकडे. कौलांवरून खाली येणाऱ्या उजेडात पडवीतली सगळी माणसे दिसतात आणि कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही.

परत आल्यावर सौ.ने पिशवी रिकामी करताना विचारले, "बॅटरी कुठे आहे? एवढे सातशे रुपये घातलेत, शेवटी काय उजेड पाडलात?"

"पडवीपुरता," मी म्हणालो.